पुकारा: किल्ला, गाव, की विसाव्या शतकातली इमारत?

एखाद्या प्राचीन स्थळाबद्दल संशोधन प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्याच ओळीत तुम्ही एक मोठं विधान करून टाकता, आणि ते विधान केलंय हे तुमच्या लक्षातही येत नाही. ते विधान म्हणजे त्या स्थळाचं नाव. ‘अमुक किल्ल्याचा अभ्यास’, ‘तमुक मंदिराचा अभ्यास’. किल्ला होता हे कुणी ठरवलं? कधी? कशावरून? प्री-पीएचडी कोर्सवर्कमध्ये गृहीतकांवर दोन-तीन तास शिकवतात, पण नावात लपलेल्या गृहीतकावर सहसा कुणी बोलत नाही. म्हणून आज एका अशा स्थळाकडे बघूया जिथे हा प्रश्न अगदी उघड्यावर पडलेला आहे. ते आहे अर्जेंटिनातला तिल्काराचा पुकारा.

आधी जागा समजून घ्या. हुहुइ हा अर्जेंटिनाचा वायव्य टोकाचा प्रांत, बोलिव्हियाच्या सीमेला लागून. त्यातून उत्तर-दक्षिण अशी एक लांबलचक कोरडी दरी जाते, केब्रादा दे उमावाका. २००३ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. दरीच्या तळाशी रिओ ग्रांदे नदी, दोन्ही बाजूंना लाल, पिवळ्या, हिरवट पट्ट्यांचे उघडेबोडके डोंगर, आणि उतारांवर माणसाहून उंच वाढणारे कार्दोन नावाचे निवडुंग. पाऊस अगदी थोडा, तोही उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. आणि उन्हाळा तिकडे डिसेंबर ते मार्च. तिल्कारा गाव समुद्रसपाटीपासून साधारण २,४५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तिथली नदीसुद्धा आपल्या सगळ्यात उंच शिखराच्या आठशे मीटर वरून वाहते!

गावापासून थोड्याच अंतरावर, नदीकाठी एक टेकडी आहे. दोन बाजूंनी सरळ तुटलेली, एका बाजूने चढता येण्यासारखी. तिच्या उतारावर आणि माथ्यावर दगडी भिंतींचे शेकडो चौकोन पसरलेले आहेत. हाच पुकारा. (आपल्या ‘पुकारण्या’शी या शब्दाचा काही संबंध नाही. केचुआ भाषेतला शब्द आहे, आणि तटबंदीची किंवा बचावाची उंच जागा असा त्याचा अर्थ सांगतात.) दरीत राहणाऱ्या लोकांना स्पॅनिश कागदपत्रांत ओमावाका म्हटलंय. साधारण इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकापासून या टेकडीवर वस्ती वाढत गेली. पंधराव्या शतकात इंका साम्राज्य इथवर पोहोचलं, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश आले.

आता समजा तुम्ही तिकीट काढून वर चाललात. वाट चांगली बांधलेली आहे. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या, छातीएवढ्या दगडी भिंती. मध्येच काही खोल्या अगदी पूर्ण, निवडुंगाच्या लाकडाच्या दाराच्या, वर माती-गवताचं सपाट छप्पर. आत वाकून गेलात तर अंधार, गारवा. कुणालाही वाटेल की सातशे वर्षांपूर्वीच्या घरात उभे आहोत. फोटो काढाल, खाली लिहाल ‘प्राचीन किल्ला’.

त्या छपराचं वय मात्र सातशे वर्षं नाही. ते विसाव्या शतकातलं आहे.

ही कुणी लपवलेली गोष्ट नाही, सगळ्या अहवालांत आहे. हुआन बाउतिस्ता आम्ब्रोसेत्ती १९०८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या एथ्नोग्राफिक संग्रहालयातर्फे इथे उत्खननाला आला. हे संग्रहालय विद्यापीठाचं, १९०४ मध्ये त्यानेच सुरू केलेलं. बरोबर त्याचा शिष्य साल्वादोर देबेनेदेत्ती. काही भिंती पुन्हा उभ्या करायला त्यांच्याच काळात सुरुवात झाली. आम्ब्रोसेत्ती १९१७ मध्ये वारला, देबेनेदेत्तीने काम पुढे नेलं आणि १९३० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तो स्वतः गेला त्याच वर्षी, या स्थळावरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. मग १९४८ पासून एदुआर्दो कासानोवाने मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी हाती घेतली. आज तुम्ही ज्या वाटेने चढता, ज्या घरांत वाकून शिरता, ती बहुतेक कासानोवाच्या पिढीची देणगी आहे.

मला इथे कासानोवाला झोडपायचं नाहीये. त्याची बाजू समजून घ्या. नुसते दगडांचे ढीग बघून सामान्य माणसाला काय कळणार? त्याने छप्पर घातलं ते कल्पनेतून काढून नाही. तिल्कारा आणि आसपासच्या गावांत लोक ज्या पद्धतीने निवडुंगाचं लाकूड, गवत आणि माती वापरून घरं शाकारत होते, तीच पद्धत त्याने घेतली. म्हणजे हयात असलेल्या लोकांच्या हातचं ज्ञान त्यांच्या पूर्वजांच्या घरांवर ठेवलं. पुरातत्त्वात याला वांशिक साधर्म्य म्हणतात आणि ती मान्य पद्धत आहे. अडचण अशी की एकदा भिंत चढवली, जमीन साफ केली, वाट सरळ केली की त्या खोलीच्या तळाशी जे बारीक थर होते ते गेले. चुलीची राख कुठे होती, धान्य कुठे सांडलं होतं, खोली एकदाच बांधली की तीनदा, हे सांगणारा पुरावा कायमचा गेला. पुस्तकातलं चुकीचं स्पष्टीकरण पुढचा संशोधक खोडू शकतो. दगडात बांधलेलं स्पष्टीकरण खोडायला जागाच उरत नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणी पुनर्बांधणी झालेल्या स्थळावर काम करणार असेल, आणि आपल्याकडे अशी स्थळं काही कमी नाहीत, तर साहित्याच्या आढाव्यात ‘पूर्वीचे संशोधन’ या मथळ्याखाली दोन परिच्छेद टाकून मोकळे होऊ नका. कोणती भिंत कोणत्या साली कुणी चढवली हा स्वतंत्र अभ्यास आहे. तिल्काराबाबत मारिया अमालिया साबुर्लिनने हे काम केलंय. जुने आराखडे, जुने अहवाल आणि आज जमिनीवर दिसणारं बांधकाम एकमेकांशी ताडून तिने या टेकडीच्या वस्तीचा इतिहास पुन्हा मांडला. कागदांत डोकं घालून केलेलं, वरवर कंटाळवाणं वाटणारं काम. पण त्यावाचून बाकी सगळं हवेत राहिलं असतं.

आता ‘किल्ला’ या शब्दाकडे येऊ. इथे आपल्या मराठी माणसाची एक खास पंचाईत आहे. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरुज, दरवाजे, बालेकिल्ला, पाण्याची टाकी, किल्लेदार आणि शिबंदी येते. म्हणजे एक राज्य असतं आणि ते राज्य किल्ला बांधतं, त्यावर माणसं नेमतं. तिल्काराच्या टेकडीवर यातलं जवळजवळ काहीच शोधू नका. तिथे घरं आहेत, अंगणं आहेत, जनावरांचे गोठे आहेत, पुरलेल्या माणसांच्या जागा आहेत, आणि त्यातून फिरणाऱ्या अरुंद वाटा. पाणी खाली नदीला. शेतं लांब, डोंगरउतारावरच्या पायऱ्यांवर. लोक त्या डोंगरावर राहत होते, काही काळापुरते चढून येत नव्हते. मला विचाराल तर ‘डोंगरावरचं गाव’ हे भाषांतर ‘किल्ल्या’पेक्षा जास्त प्रामाणिक आहे. पण तेही पुरं नाही.

पुरं का नाही? कारण ती जागा उगाच निवडलेली नाही. सपाट, पाण्याजवळची, शेताजवळची जागा सोडून कड्यावर घर बांधायचं, रोजचं पाणी आणि सरपण वर चढवायचं, हा खर्चाचा सौदा आहे. तो करायला कारण लागतं. आक्सेल निल्सेन गेली कित्येक वर्षं दक्षिण अँडीजमधल्या युद्धांवर लिहितोय. तो दाखवतो की इंका येण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन शतकांत या सगळ्या पट्ट्यात लोक उंच, बचावाला सोप्या, एकमेकांना दिसतील अशा जागांवर दाटीने राहायला गेले. हत्यारं, शैलचित्रांतली लढणारी माणसं, कापून ठेवलेली शत्रूंची डोकी हे सगळं त्या चित्रात बसतं. बोलिव्हियातल्या लीपेस भागात त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. तिथे काही पुकारा म्हणजे खालच्या वस्तीच्या वर असलेली आसऱ्याची जागा आहे, संकट आलं की चढायचं, एरवी घर खालीच. तिल्काराला मात्र सगळं गावच वर. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी! तुम्ही ‘पुकारा’ या वर्गाची यादी करून आकडेवारी मांडायला बसलात तर तुमचा तक्ता पहिल्याच रकान्यात कोसळेल.

यावर एक दुसरा पक्षही आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की अँडीजमधली लढाई ही बऱ्याचदा विधीसारखी होती. आजही बोलिव्हियात पोतोसीच्या उत्तर भागात तिंकू नावाची ठरलेल्या दिवशीची मारामारी होते, दोन गट भिडतात, रक्त सांडतं, आणि ते पृथ्वीमातेला अर्पण मानतात. मग या पुकारांच्या भिंती अर्धवट, दारं भरपूर, आत पाणी नाही, म्हणजे हे खरे किल्ले नसणारच, असा तर्क. ऐकायला छान वाटतो. एलिझाबेथ आर्कुश आणि चार्ल्स स्टॅनिश यांनी २००५ मध्ये एका लेखात याची चांगली हजेरी घेतली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: आत पाणी नसणं हा दोष तेव्हाच, जेव्हा शत्रू महिनोन् महिने वेढा घालून बसणार असेल. ज्या समाजात लढणारे स्वतः शेतकरी आहेत, पेरणी-कापणीला घरी परतणार आहेत, तिथे हल्ला दोन दिवसांचा असतो. दोन दिवस पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या की भागतं. आणि जिथे कडाच आहे तिथे भिंत कशाला बांधायची? थोडक्यात, युरोपातला किल्ला नमुना म्हणून डोक्यात ठेवायचा आणि त्यात बसला नाही म्हणून समोरच्याला ‘विधी’च्या खात्यात टाकायचं, ही पद्धतीची चूक आहे.

आर्कुशच्या कामातली आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण ती प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. तिने तितिकाका सरोवराजवळच्या कोया लोकांच्या पुकारांचा अभ्यास केला. सगळे धरून चालले होते की इसवी सन १००० च्या सुमाराला तिवानाकूची सत्ता कोसळली, अराजक माजलं आणि लोक डोंगरावर चढले. कारण-परिणाम अगदी सुटसुटीत. तिने कार्बन-१४ च्या तारखा काढल्या तर बहुतेक पुकारा १३०० नंतरचे निघाले. मध्ये तीनशे वर्षं! तीनशे वर्षं लोक अराजकाची वाट बघत खाली बसले होते काय? ती एक तारखांची मालिका आली आणि पाठ्यपुस्तकातलं कारणच गळून पडलं.

हीच कसोटी तिल्काराला लावा. आम्ब्रोसेत्ती खणत होता तेव्हा कार्बन कालमापन नव्हतंच, ते १९४९ नंतरचं. त्याच्या हाती वस्तू होत्या, थरांचा हिशेब त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ढोबळ होता, त्यामुळे टेकडीवरचं सगळं एका चित्रात सपाट झालं. अलीकडच्या काळात आधी मिरियम तार्रागो आणि नंतर क्लारिसा ओतेरो यांनी तिथल्या खोल्यांचा बारकाईने अभ्यास केला. ओतेरोने नव्या उत्खननाबरोबरच शंभर वर्षं संग्रहालयात पडून असलेल्या जुन्या वस्तूही पुन्हा तपासल्या. काय निघालं? अनेक घरं ही घर आणि कारखाना दोन्ही होती. धातू वितळवण्याची साधनं, अलाबास्टरसारखा मऊ दगड कोरण्याचं काम, अर्धवट राहिलेल्या वस्तू. आणि यातलं बरंच काम इंका काळातलं. साम्राज्याच्या अमलाखाली ही टेकडी ओस पडली नाही, उलट कारागिरांची गजबजलेली वस्ती आणि त्या भागातलं इंकांचं महत्त्वाचं केंद्र बनली.

इथे थोडं थांबून विचार करा. इंकांच्या राज्यात शेजारच्या दरीतल्या टोळीची भीती उरली नव्हती. मग तोच कडा, तीच टेकडी, कुणापासून बचाव करत होती? उत्तर असं की करत नव्हती. जागा निवडण्याचं कारण एक होतं आणि तिथे राहत राहण्याचं कारण दुसरं. जो माणूस तिथे बसून साम्राज्यासाठी तांबं वितळवत होता त्याचं घर त्याच्या खापरपणज्याच्या भीतीने त्या कड्यावर बांधलेलं होतं. ‘किल्ला’ हा शब्द यातला पहिला काळ पकडतो आणि उरलेला काळ गिळून टाकतो. माझी तक्रार शब्द खोटा असण्याची नाही. एका पिढीचं सत्य तो सगळ्या पिढ्यांच्या माथी मारतो, ही आहे.

आणि आता वर, वस्तीच्या मधोमध. चढून गेलात की माथा छाटलेला एक दगडी पिरॅमिड दिसतो, पायऱ्या असलेला, दिमाखदार. पर्यटक त्याच्यासमोर हमखास फोटो काढतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो प्राचीन वाटतो. तो १९३५ चा आहे. आम्ब्रोसेत्ती आणि देबेनेदेत्ती यांचं स्मारक. आकार मेक्सिकोकडच्या पिरॅमिडांची आठवण करून देणारा, ओमावाकांच्या बांधकामाशी त्याचा सुतराम संबंध नाही. संशोधकांनी ज्या लोकांचा शोध घेतला त्यांच्या घरांच्या मधोमध संशोधकांचीच समाधी! आपल्या मार्गदर्शकांवर आपलं कितीही प्रेम असो, इतकं नको.

खरी बोचणारी गोष्ट त्यावरच्या पाटीत आहे. त्या स्मारकलेखात ज्यांची संस्कृती उकरून काढली त्या लोकांना ‘मृत’ म्हटलंय. १९३५ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी तिल्कारा गाव होतं. तिथे लोक मका आणि बटाटा लावत होते, १ ऑगस्टला जमिनीत खड्डा करून पाचामामाला म्हणजे पृथ्वीमातेला अन्न आणि पेय अर्पण करत होते, आणि निवडुंगाच्या लाकडाची तीच छपरं घालत होते जी पुढे कासानोवाने त्यांच्याकडूनच घेतली. ते मेलेले कधी झाले? शस्त्राने तर नव्हेच. १५९० च्या दशकात विल्तिपोको या ओमावाका प्रमुखाने स्पॅनिशांविरुद्ध मोठी फळी उभी केली, तो पकडला गेला, प्रतिकार मोडला. पण समाज संपला नाही. तो संपला कागदावर, वर्गीकरणात. राष्ट्राच्या कथेत आदिवासी म्हणजे भूतकाळ, हे एकदा ठरलं की त्याच्या वंशजाला समोर उभा असूनही दिसू द्यायचं नसतं.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. आम्ब्रोसेत्ती आणि देबेनेदेत्तीने घरांच्या कोपऱ्यांत आणि दफनभूमीत पुरलेली माणसं काढली. हाडं आणि त्यांच्याबरोबरच्या वस्तू ब्वेनोस आयरेसला, दीड हजार किलोमीटर लांब गेल्या. लोक ‘मृत’ असतील तर या हाडांवर कुणाचा हक्क? कुणाचाच नाही, म्हणजे संग्रहालयाचा. लोक हयात असतील तर मात्र ती कुणाचे तरी आजोबा-आजी आहेत. अर्जेंटिनाच्या १९९४ च्या राज्यघटनेने आदिवासी समाज राष्ट्राच्या आधीपासून अस्तित्वात असल्याचं मान्य केलं, आणि २००१ च्या २५,५१७ क्रमांकाच्या कायद्याने संग्रहालयांतले मानवी अवशेष मागणी करणाऱ्या समाजांना उपलब्ध करून द्यायची तरतूद केली. त्याच एथ्नोग्राफिक संग्रहालयाने २००४ मध्ये एक माओरी शिर न्यूझीलंडला परत पाठवलं. पाटीवरचा एक शब्द आणि कायद्यातला हक्क यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं.

कुणी म्हणेल, मग ते स्मारक पाडून टाका. मला तसं वाटत नाही. १९३५ मधला पुरातत्त्वज्ञ स्वतःला काय समजत होता याचा इतका उत्तम पुरावा दुसरा नाही. तो तिथेच असू दे, फक्त त्याला प्राचीन म्हणून फोटोत येऊ देऊ नका. भिंतीलाही तेच. मूळ दगड कुठवर आणि चढवलेला कुठून हे दाखवणारी रेघ आज जगात अनेक ठिकाणी पुनर्बांधणीत ठेवतात, वेगळ्या रंगाचा चुना किंवा बारीक खडीचा थर देऊन. तेवढं झालं तर चढणारा माणूस स्वतःच विचारू लागेल.

तुमच्या प्रस्तावापुरतं बोलायचं तर व्हायवाला तज्ज्ञ हमखास विचारतात, ‘तुमचं अभ्यासक्षेत्र कोणतं?’ तिल्काराच्या बाबतीत या प्रश्नाची निदान चार खरी उत्तरं आहेत: तेराव्या शतकातली घाबरलेली वस्ती, पंधराव्या शतकातला कारखाना, १९४८ नंतरचं पुनर्बांधलेलं गाव, आणि आजचा समाज ज्याचे पूर्वज तिथे राहिले. यातलं कोणतं निवडलं यावर तुमची साधनं बदलतात. पहिल्याला दगड आणि तारखा लागतील, दुसऱ्याला संग्रहालयाच्या खोक्यांत शिरावं लागेल, तिसऱ्याला विद्यापीठाच्या दप्तरात, आणि चौथ्याला गावात राहून परवानगी मागावी लागेल, जी नाकारलीही जाऊ शकते. मार्गदर्शकांशी बोलताना हे आधी ठरवा, कारण तिसऱ्या वर्षी ठरवायला गेलात तर शिष्यवृत्ती संपत आलेली असते.

वाचायला सुरुवात करायची असेल तर साबुर्लिनचा २००९ चा लेख बघा, ‘इंतेर्सेक्सियोनेस एन आंत्रोपोलोहिया’ या नियतकालिकात आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळतो. स्पॅनिश येत नसेल तरी बिघडत नाही, भाषांतराच्या ॲपवर काम भागतं. पण मजकुराआधी त्यातला आराखडा उघडा, शेजारी एखाद्या पर्यटकाने काढलेला टेकडीचा फोटो ठेवा, आणि फोटोतली कोणती भिंत आराखड्यात कुठे बसते ते पेन्सिलने शोधत जा.